उपदेश सुरू, फोन बंद

मीटिंग ऐन रंगात आली असताना हेमंत केळुसकरांच्या मनगटावरचा पट्टा थरथरला. त्यांच्या अकरावीतल्या लेकीला, शाल्मलीला, सिगारेटचा मोह झाला, की तिच्या हातातला पट्टा तिच्या बाबांना फोन लावायचा. मात्र उपदेश सुरू होताच फोन आपोआप कटायचा.

“अगं, तुझी फुफ्फुसं...” फोन कटला.

त्यांनी घाईने पुन्हा लावला. “मी तुझ्या वयाचा असताना...” पुन्हा कटला.

तिसऱ्यांदा ते घाबरून तोंडाला येईल ते बोलून गेले. “शाळेच्या गॅदरिंगला मी द्रौपदी होतो गं! दुःशासन यायच्या आधीच माझं लुगडं सुटलं!”

मीटिंगमधल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. पलीकडे मात्र शाल्मलीसोबतची पोरंपोरी खिदळत होती.

“बाबा, हसता हसता सिगारेट गटारात पडली! सांगा ना, कृष्ण धावून आला का?”

“कुठला! तो विंगेत गडाबडा लोळत होता.”

“मग पुढे?” मीटिंग घेणाऱ्या साहेबांनी खुर्ची जवळ ओढली.