चालत्या यंत्राचा गाभा

“पण बंद न करता?” बसवलिंगप्पा साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“बंद न करता,” नागवेणी म्हणाली. “जुना गाभा, म्हणजे संगणकाचा मूळ प्रोग्रॅम, आपलं काम करत राहील. नवा मी या पेन ड्राइव्हवरून थेट मेमरीत आणून बसवते. मग जुना उतरेल, नवा गादीवर चढेल. बटणाला हात नाही, विजेला धक्का नाही. फार तर बारा सेकंद.”

साहेब पाणी प्यायले. रेशीमकोषांचा बाजार त्यांच्या ताब्यात, आणि बाजाराचा सगळा लिलाव कोपऱ्यातल्या त्या काळ्या यंत्रावर. ते बसवून देणारा माणूस जाता जाता बजावून गेला होता, हे कधी बंद करू नका, पुन्हा उठेल याची खात्री नाही. झालं. तेव्हापासून साडेदहा वर्षं साहेबांनी त्या बटणाकडे कुणाला फिरकू दिलं नव्हतं.

पण या महिन्यात लिलाव दोनदा मध्येच गोठला. तासाभराने आपसूक सुटला, तोवर निम्मे व्यापारी निघून गेलेले. दोष शोधायला नागवेणीला एक दुपार पुरली. दिवसाचे दोन हजार लॉट झाले की जुना गाभा अडकायचा. आणि उद्या विजयादशमीला तेवीसशे लॉट यायचे होते. सण आहे म्हणून कोष थांबत नाहीत. आतला पतंग कोष फोडून बाहेर पडला की धाग्याची वाट लागते. बंगळूरहून रेशीम खात्याचे संचालकही येणार होते. लिलाव नीट पार पडला तर उरलेल्या नऊ बाजारांचं काम नागवेणीच्या दोन माणसांच्या कंपनीला मिळणार होतं. गोठला तर या फाटकातून तिला पुन्हा कुणी आत घेतलं नसतं.

“आणि हे काय?” साहेबांनी भिंतीवरच्या पडद्याकडे बोट केलं. तिथे यंत्र किती दिवस चालू आहे त्याचा आकडा असे. “तीनशे त्रेपन्न दिवस. मी साडेदहा वर्षं म्हणतोय.”

नागवेणी हसली. असल्या प्रश्नांची ती वाटच बघत असे.

“या मोजणीचा खिसा लहान असतो सर. चारशे सत्त्याण्णव दिवसांनी तो भरतो आणि आकडा पुन्हा शून्यावर येतो. अशा सात फेऱ्या धरा, वर हे तीनशे त्रेपन्न.”

साहेबांनी मोबाइलवर गुणाकार केला, मग भागाकार. चोख साडेदहा वर्षं. ते चाटच पडले.

“एकच अट,” ते म्हणाले. “डिस्कला हात लावायचा नाही. ती बया यंत्राइतकीच म्हातारी आहे.”

“नाही लावत. डिस्कवर जुनाच गाभा राहील, पण तो वाचला जातो यंत्र बंद होऊन उठताना. तुमचं तर बंदच होत नाही.”

एवढ्यात पुट्टमादय्या झेंडूच्या हारांची परडी घेऊन दारात आला. बाजारातला सर्वांत जुना शिपाई. आयुधपूजेचा दिवस, वजनकाटे, ढकलगाड्या, साहेबांची जीप, सगळ्यांना गंध-कुंकू लावून झालं होतं. आता या यंत्राची पाळी.

“अम्मा, या गडबडीत त्याला थोडी झोप मिळेल का हो?” त्याने नागवेणीला विचारलं.

“नाही मादय्यण्णा. डोळासुद्धा मिटणार नाही त्याचा.”

“आज सुतार करवतीला हात लावत नाही. काटेसुद्धा निजलेत. यानेच काय घोडं मारलंय कुणाचं?”

“मादय्या, पुरे,” साहेब म्हणाले.

मादय्याने यंत्राला कुंकू लावलं, हार घातला आणि मायेने वरची धूळ पुसली.

नागवेणीने पेन ड्राइव्ह खोचला. नवा गाभा मेमरीत जाऊन बसला. तिने शेवटचा हुकूम लिहिला, साहेबांकडे एकदा पाहिलं आणि कळ दाबली. पडदा काळा झाला. साहेबांचे ओठ हलत होते, कुठल्या देवाचं नाव घेत होते कोण जाणे. नवव्या सेकंदाला अक्षरं उमटली. यंत्राचा पंखासुद्धा थांबला नव्हता.

“बाराचे नऊ झाले,” नागवेणी म्हणाली. पेन ड्राइव्ह काढून तिने पर्समध्ये टाकला.

अंगणात दृष्टीचा कोहळा फुटला, चुरमुरे वाटले गेले. चारच्या बसने नागवेणी मुक्कामाला म्हैसूरला गेली. साहेबही घरी गेले. किल्ल्या नेहमीप्रमाणे मादय्याकडे राहिल्या.

सकाळी ती ठेवणीतली साडी नेसून आली. भिंतीवरचा आकडा शून्य दिवस दाखवत होता. काल नवा गाभा बसवला, म्हणजे शून्यच असायला हवं. ती निर्धास्त होऊन संचालकांशेजारी बसली. दहाला घंटा झाली. व्यापारी मोबाइलवरून बोली लावू लागले, लॉट भराभर सुटत गेले. पाचशे. हजार. दीड हजार.

“दोन हजारांवर अडकायचं म्हणे हे?” संचालकांनी विचारलं.

“जुना गाभा अडकायचा सर. आता बघालच तुम्ही.”

संचालकांनी मान डोलावली. नऊ बाजारांची फाइल त्यांच्या मांडीवरच होती. नागवेणी मनातून इतकी खुशीत होती, की आईला फोन करून काय सांगायचं तेही तिने ठरवून टाकलं.

मादय्या शमीची पानं वाटत वाटत तिच्यापाशी आला. दोन पानं तिच्या हातावर ठेवून तो खाली वाकला आणि साहेबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलू लागला.

“अम्मा, तुम्ही काल नाही म्हणालात, पण मला राहवेना. सगळे गेल्यावर दिली त्याला तासभर झोप. दरवर्षी आयुधपूजेला देतो. बटण दाबलं की उठतं बिचारं, कधी कुरकुर नाही. साहेबांना तेवढं बोलू नका.”

पडद्यावर एक हजार नऊशे अठ्ठ्याण्णवावा लॉट सुटला.