लाल ठिपका

चढ अर्धा राहिला आणि आर्वोच्या ट्रकची मागची चाकं बर्फात जागच्या जागी फिरू लागली. मागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये तूली घोडीने फळीवर लाथ घातली. आदल्या रात्रीपासून तिची लीद अडली होती, पोट टणक झालं होतं. जनावरांची डॉक्टर चढापलीकडे आठ मैलांवर होती. "घेऊन या, पण लवकर. वाटेत आडवी पडली तर माझ्याही हातात काही राहणार नाही," असं तिने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं.

आर्वोने पुढच्या चाकांनाही जोर देणारा फोर-व्हीलचा दांडा ओढला, सोडला, पुन्हा ओढला. दांडा नीट बसत होता. पुढची चाकं मात्र ढिम्म.

मागून त्याची मुलगी रीका आपल्या छोट्या गाडीतून आली, तीही अगदी आरामात, जणू रस्त्यावर बर्फ नव्हताच. निघताना अंगणात आर्वोने त्याच गाडीची यथेच्छ टिंगल केली होती. "ऑल-व्हील म्हणे. कुठल्या चाकाला किती जोर द्यायचा ते गाडीच ठरवणार. मग तू आत बसून काय करतेस, विणकाम? माझा ट्रक मी सांगेन तेव्हाच चार चाकांवर चालतो."

आता रीकाने काच खाली केली. "काय झालं, बाबा? सांगितलं नाहीस का त्याला?"

"तुझ्या गाडीला जोडू या ट्रेलर," आर्वो म्हणाला. आवाज पार खाली आला होता.

"माझ्या गाडीमागे सायकली लटकवतात, बाबा. घोडी जोडली तर गाडीच मागे जाईल."

म्हणजे जी चढत होती ती ओढू शकत नव्हती, आणि जो ओढू शकत होता तो चढत नव्हता. ट्रेलरमधून पुन्हा लाथेचा आवाज आला, पण या वेळी हळू.

तूली एल्माची, आर्वोच्या बायकोची होती. एल्मानेच तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. खुब्याचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले तरी एल्मा स्वयंपाकघरातल्या खुर्चीतून उठायला तयार नव्हती. पडेन म्हणायची. धरून चालायचा वॉकर खुर्चीशेजारी तसाच उभा होता. अशा बाईला काय सांगायचं, हे आर्वोला कळेना. शेवटी त्याने फोन लावला.

"एल्मा, ट्रक गेला. दांडा बसतोय, पण पुढची चाकं ओढत नाहीत. आणि तूली..."

"चकत्या फिरवल्यास का?"

"कसल्या चकत्या?"



"आर्वो, एकतीस वर्षं, पहिला बर्फ पडला की मी ट्रकमधून उतरते आणि पुढच्या चाकांपाशी वाकते. तुला काय वाटायचं, कशाला?"

आर्वोने खरं ते सांगून टाकलं. "ट्रक तुझ्या वडिलांचा. मला वाटायचं, तू त्यांची आठवण काढतेस. म्हणून मी दुसरीकडे बघायचो."

एल्मा अशी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. "अरे देवा. हसवू नकोस, टाके ओढतायत. चाकाच्या मधोमध गोल चकती आहे ना? ती फिरवल्याशिवाय पुढची चाकं ट्रकला जोडली जात नाहीत, दांडा कितीही ओढ. तिच्यावरची अक्षरं पुसली गेली म्हणून मी नखांच्या रंगाचा ठिपका दिलाय. तो वर आला पाहिजे. दोन्हीकडे."

तो लाल ठिपका आर्वोने शंभरदा पाहिला होता. बायकांची काहीतरी हौस, असं समजून त्याने कधी विचारलं नव्हतं.

दोघं ट्रकच्या एकेका पुढच्या चाकापाशी वाकली. रीकाची चकती लगेच फिरली. आर्वोची गोठली होती. त्याने हातमोजा काढला, तळहाताने ऊब दिली, पकडीने हळूच ठोकलं. ठिपका वर आला.

ट्रकने एकदा हिसका दिला आणि पुढच्या चाकांनी रस्ता धरला. घोडी, ट्रेलर, सगळं घेऊन तो हळूहळू चढ चढून माथ्यावर आला.

तेवढ्यात ट्रेलरमधल्या लाथा थांबल्या आणि रीकाने मागून दिवे मारले. आर्वो थांबला. रीका धावत ट्रेलरपाशी गेली, दार किलकिलं करून आत वाकली आणि तशीच राहिली. आर्वो खाली उतरून मागे धावला. आडवी पडली, दुसरं काय?

"बाबा," रीकाने मान बाहेर काढली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "लीद. ढीगभर. अजून वाफ निघतेय."

तो वास आर्वोने छाती भरून घेतला. मग बर्फातच बसकण मारून त्याने एल्माला फोनवर ते सांगितलं, दोनदा सांगितलं. ती रडली, त्यानेही डोळे पुसले.

"पण थांबू नका, डॉक्टरला दाखवून या," एल्मा नाक पुसत म्हणाली. "आणि हे बघ, एप्रिलमध्ये रस्ता कोरडा झाला की चकत्या परत उलट्या फिरवायच्या असतात. लिहून ठेव."

"आईला विचारून चालणारा ट्रक आहे तुझा," रीका म्हणाली.

आर्वोने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. "मी नाही लिहीत," तो फोनमध्ये म्हणाला. "एप्रिलमध्ये तू उतरशील."

पलीकडून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, आणि मग वॉकरचे पाय लादीवर टेकल्याचा.