मेणबुवाचा हात

"घासून घासून गाडीची सालं काढणार आहे ही बया," सासूबाई पुटपुटल्या. पुटपुटल्या म्हणजे, शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावं इतपत.

थोरलीने फडकं पिळलं. "सालं नाही आई, मेण. जुनं होऊन पिवळं पडलंय. त्यावर धूळ बसते. गिऱ्हाईक काय धूळ विकत घेणार आहे?"

"धाकटा म्हणाला होता ना, नुसतं पाणी मार आणि सोड?"

"भावजींना काय कळतंय त्यातलं!"

"माझ्या थोरल्याच्या हातचं शेवटचं मेण आहे ते," सासूबाईंचा आवाज एकदम खाली आला. "राहू दे की गं."

थोरलीलाही तेच वाटत होतं.

गाडी धाकट्या दिराची, पण तिच्यावरचा हात थोरलीच्या नवऱ्याचा. गाड्या धुण्यापुसण्याची ही शेड त्याचीच. तो स्पंज वापरत नसे. मेण उघड्या तळव्याने लावायचा. तळव्याच्या उबेने ते रंगात मुरतं म्हणे. सगळी गल्ली त्याला मेणबुवा म्हणायची. "एवढा हात माझ्या पाठीवरून फिरवला असता तर मीही चमकले असते," असं थोरली चारचौघांत म्हणायची, आणि तो कानापर्यंत लाल व्हायचा.

गेल्या वर्षी याच दिवसांत त्याने भावाची ही गाडी दिवसभर बसून चमकवली. अंधार पडता पडता आईचं दम्याचं औषध संपल्याचं कळलं, म्हणून सायकल काढली. पुढच्या वळणावर कुठल्याशा ट्रकने त्याला उडवलं. उशीर झाला म्हणून धाकटा गाडी घेऊन शोधायला निघाला आणि त्यालाच तो सापडला. एकट्याने उचलून मागच्या सीटवर घातला, दवाखान्यात नेला. उपयोग झाला नाही. सीटा रक्ताने भरल्या, म्हणून गाडी पुढे बरेच दिवस गॅरेजात होती. तेव्हापासून धाकटा तिला कुणाला हात लावू देत नव्हता. धुवायचा तोच, पुसायचाही तोच. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा.

आता त्याला लांब कुठेतरी नोकरी लागली होती. गाडी विकून, आईला घेऊन तो जाणार होता. मागे राहणार होती थोरली, ही शेड आणि भिंतीला टेकलेली वाकडी सायकल. म्हणून तो गिऱ्हाईक आणायला गेल्याबरोबर तिने हे काम काढलं. नवऱ्याचा हात परक्या माणसाने पुसायचा, त्यापेक्षा आपणच पुसलेला बरा.

मेण काढायचं औषध फडक्यावर घ्यायचं, एकेक भाग पुसायचा, मग वरून साधं पाणी मारून बघायचं. पाण्याचे मणी होऊन घरंगळले की समजायचं, मेण अजून आहे. पाणी सपाट पसरलं की गेलं. टप झाला, दारं झाली, बॉनेट झालं. मणी दिसले की तिला बरं वाटायचं. पाणी पसरलं की ती घाईने पुढच्या भागाकडे वळायची.

"त्या ट्रकवाल्याचं तळपट होवो," ती फडकं आपटत म्हणाली. वर्षभर रोज म्हणत होती. रस्त्यावरच्या एकूण एका दुकानात जाऊन विचारून आली होती, ट्रक कुणी पाहिला का. कुणीच पाहिला नव्हता.

"शाप देऊ नये गं," सासूबाई नेहमीसारख्याच म्हणाल्या. "त्यालाही आई असेल."

थोरलीला या बाईचं नवल वाटायचं. पोटचा गेला, पण तोंडून कधी शिवी नाही. "असलं काळीज कुठल्या दुकानात मिळतं, आई? मलाही पावशेर आणा."

सासूबाई हसल्या नाहीत.

शेवटी राहिलं पुढचं डावं मडगार्ड. ते तिने मुद्दाम मागे ठेवलं होतं. गाडी धुतानाही त्यावर जुना टॉवेल बांधून ते कोरडं राखलं होतं. नवरा प्रत्येक गाडीची सुरुवात तिथूनच करायचा. तेव्हा तळवा मेणाने भरलेला असायचा, म्हणून सगळ्यात जाड थर तिथेच बसायचा. निरोप घ्यायचा तर तिथे.

"आता पुरे," सासूबाई एकदम उठल्या. एरवी उठायला त्यांना दोघं लागायची. "तेवढं तरी राहू दे. चल, चहा टाक."

"एवढंच, आई."

तिने टॉवेल सोडला. तळवा टेकवला, डोळे मिटून तसाच राहू दिला. मग शेवटचे मणी डोळे भरून बघून घ्यावेत म्हणून, औषध न लावताच, नुसतं पाणी मारलं.

मणी झालेच नाहीत. पाणी सपाट पसरलं आणि ओघळून गेलं.

आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून तिने मडगार्ड कोरडं केलं, पुन्हा पाणी मारलं. पुन्हा तेच. सगळ्या गाडीवर मेणबुवाचा हात होता, वर्षभर टिकून होता. फक्त या पत्र्याला तो कधी लागलेलाच नव्हता.

तिची नजर भिंतीशी टेकलेल्या सायकलीवर गेली. तिथून परत मडगार्डवर आली.

"आई," ती म्हणाली, "हा पत्रा कधी बदलला?"

सासूबाईंनी फाटकाकडे पाहिलं. तेवढ्यात फाटक वाजलं. धाकट्याचा आवाज आला. तो गिऱ्हाइकाला सांगत होता, "माझ्या भावाने स्वतःच्या हाताने चमकवलीय, साहेब."

थोरली उठली. सासूबाईंनी तिचं ओलं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"त्याला काही विचारू नकोस गं," त्या म्हणाल्या. "एक तर गेलाच होता. दुसरा कुठून आणला असता मी?"