भुशाचे डोंगर

मांजरी गावातलं मातीचं घर पाडून इमारत झाली तेव्हापासून तुळजाबाईंच्या हातांना कामच उरलं नव्हतं. सून अश्लेषा घरी भेटकार्डं बनवायची. खडूची पूड डिंकात कालवून पुठ्ठ्यावर उंचसखल डोंगर थापायची. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सगळे डोंगर वाळून तडकले. ती रडकुंडीला आली. तुळजाबाईंनी भेगेवरून बोट फिरवलं. "पोरी, याला धरून ठेवणारं आत काय हाय? आम्ही भिंतीच्या गाऱ्यात भुसा घालायचो." शेजारच्या गोठ्यातून त्यांनी मूठभर भुसा आणला, लगद्यात मळला आणि अंगठ्यानं नवे डोंगर उठवले. सकाळी एकही भेग नव्हती. उन्हात भुशाच्या काड्या पिवळ्याधमक चमकत होत्या. प्रदर्शनात कर्वेनगरच्या एका बाईंनी विचारलं, "हे कुठल्या क्लासमध्ये शिकलात?" अश्लेषानं सासूबाईंना पुढं केलं. "यांच्याकडे." "मलाही शिकवाल, आजी?" तुळजाबाईंनी त्यांच्या लांब नखांकडे पाहिलं आणि हसून पदर खोचला. "शिकवीन की. पण नखं कापून यायचं."