खोडलेली मुदत

"मुलगा टेक्सासहून निघालाय. आगगाडीला तीन दिवस लागतात," निराधारगृहातल्या खाटेवरून म्हातारा माजी आमदार अधीक्षकाला म्हणाला. "तोवर गेलोच, तर मला ठेवाल ना?"

"चोवीस तासांत कुणी न्यायला आलं नाही, तर प्रेत फाडायला डॉक्टरकीच्या कॉलेजात जातं. कायदा आहे, आमदारसाहेब."

म्हाताऱ्याला तो पाठ होता. वीस वर्षांपूर्वी विधानसभेत त्यानेच तो मांडला होता. मसुद्यातली तीन दिवसांची मुदतही त्यानेच खोडली होती. "भिकाऱ्यांची मढी न्यायला येतंय कोण?" असं तो म्हणाला, तेव्हा सभागृह खो खो हसलं होतं.

म्हातारा सोमवारी गेला. प्रेत मंगळवारी कॉलेजात गेलं. मुलगा बुधवारी पोचला.

"असला कायदा केला तरी कुणी?" तो ओरडला.

अधीक्षकाने बापाची टोपी त्याच्या हातात ठेवली.