जकातनाका

"अजून एक तुकडा टाकू का बटरचा?" धाकट्याने विचारलं.

आई ओट्याला टेकून उभी होती. "टाक," म्हणाली.

बाबा स्वयंपाकघरातच खुर्चीवर बसले होते. मांडीवर उशी, उशीवर हात. आत पलंगावर पडा म्हटलं तर ऐकलं नाही. दवाखान्यात छत बघून बघून कंटाळलोय म्हणाले, इथे निदान काहीतरी शिजताना दिसेल. जे शिजत होतं तेही त्यांच्याच हट्टाने. वॉर्डातल्या टीव्हीवर एक बाई मशरूम घातलेला दाटसर भात ढवळत होती, तिच्याकडे बोट दाखवून बाबा म्हणाले होते, "हे खायचंय मला." त्याला रिसोटो म्हणतात हे ताईने सांगितलं. बाबांना ते नाव अजून येत नव्हतं.

"झाला का रे तुझा रोसेटो?"

"बाबा, आत्ताशी कांदा पडलाय."

काल डॉक्टरांनी तिघांना बाहेर बोलावलं होतं. आईला, ताईला, धाकट्याला. आता पथ्य नको म्हणाले, जे मागतील ते खाऊ द्या. बाबांना एवढंच सांगितलं की घरी जा, आराम करा. गाडीत बसायच्या आधी ताईने दोघांना दम दिला. "त्यांना कळता कामा नये. तोंड पाडून कोणी बसायचं नाही. नेहमीसारखं वागायचं."

म्हणून सगळे नेहमीसारखं वागत होते.

धाकटा वायरमन. अंडं उकडण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवला होता आणि त्यातला माणूस सांगेल तसं चाललं होतं. मशरूम आधी कोरडेच परतून, तांबूस करून बाजूला ठेवले होते. आता कांद्यावर त्याने तांदूळ टाकले.

"धुतलेस का?" बाबांनी विचारलं.

"याचे धुवायचे नसतात. धुतले की भात मिळून येत नाही म्हणे."

बाबांनी आईकडे बघितलं. न धुतलेला तांदूळ तिने या घरात कधी शिजू दिला नव्हता. ती खिडकीबाहेर बघत होती.

शेजारच्या शेगडीवर भाज्यांचं पाणी उकळत होतं. त्यातलं पळीभर घालायचं, ढवळायचं, जिरलं की पुढची पळी. हात थांबवायचा नाही. ताई चीज किसत होती. किसणीखाली ढीग झाला तरी किसतच होती.

"एवढं?" बाबा म्हणाले.

"टीव्हीवरच्या त्या बाईने याच्या दुप्पट घातलं होतं."

"तिच्या नवऱ्याचं हार्ट धड असेल."

ताई हसली. जरा जास्तच वेळ हसली.

बाबा शिंपी. गिऱ्हाईक दारातून आत येईस्तोवर कमरेचं माप नजरेनेच घ्यायचे. तीच नजर आता ओट्यापाशी उभ्या असलेल्या तिघांवरून फिरली.

भात शिजला. धाकट्याने गॅस बंद केला, मशरूम घातले, चीज घातलं आणि पाकिटातलं उरलंसुरलं बटर आत सोडलं. सगळं.

"आज जकातनाका बंद आहे वाटतं," बाबा म्हणाले.

आईचं हे नाव त्यांनीच ठेवलेलं. पहिला ॲटॅक आल्यापासून तिच्या तपासणीतून काही म्हणजे काही सुटायचं नाही. वेफर्स, क्रीम, तळलेलं, सगळं तिथे अडायचं. एकदा शेजाऱ्यांकडे गुपचूप केक खाऊन आले, तर मिशीला लागलेल्या क्रीमवरून तिने पकडलं. दोन दिवस बोलली नव्हती.

ताईने मागून आईला कोपर मारलं. आईच्या लक्षात आलं.

"अरे, पुरे की," ती म्हणाली. बटर तोवर विरघळून गेलं होतं. "किती ते... त्यांना..."

इतक्या वर्षांचा सराव, पण आज वाक्य काही पुरं होईना. धाकटा खाली मान घालून ढवळत राहिला.

त्याने प्लेट भरून बाबांच्या मांडीवरच्या उशीवर ठेवली. भात मऊ होता, चकाकत होता, वाफ येत होती. बाबांनी चमचा हातात घेतला, पण भाताला लावला नाही.

"यावर अजून थोडं बटर घेतलं तर?" ते म्हणाले. "चालेल का गं?"

प्रश्न आईला होता. धाकट्याने ताईकडे बघितलं, ताईने आईकडे. नाही म्हण, असं ताई नुसत्या डोळ्यांनी सांगत होती.

आईने फ्रीज उघडला. नवीन पाकीट काढलं, फोडलं. सुरीने चांगला जाड तुकडा कापला आणि स्वतःच्या हाताने बाबांच्या भातावर ठेवला.

"खा," ती म्हणाली. "एवढ्याने काही होत नाही."

बाबा त्या तुकड्याकडे बघत राहिले. तो एका बाजूने कलला, पसरला, कडेकडेने भातात उतरला.

"असं होय," ते म्हणाले.

ताई सिंककडे तोंड करून उभी राहिली आणि तिने नळ सोडला.

बाबांनी स्टूल पायाने पुढे ओढलं. "बस इथे." आई बसली. त्यांनी चमचा भरला, फुंकर मारली आणि पहिला घास तिच्या तोंडापुढे धरला. खाली दुसरा हात धरला.

"घे. पथ्य मला होतं," ते म्हणाले. "माझ्यापायी तूही अळणीच खात आलीस."