पंचवीस अक्षरं

सेकंडहँड लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकताना पंचवीस अक्षरी लायसन्स कीपाशी अडलं, कारण ती छापलेला तळाचा स्टिकर पुसला गेला होता. शिकवणीच्या मुली ताटकळल्या, म्हणून मी लॅपटॉप विकणाऱ्या बाईंना फोन केला.

“माझ्या मुलाचा होता. मार्चमध्ये वारला तो,” त्या सपाट आवाजात म्हणाल्या. “थांबा, त्याच्या वहीत असेल. हां, लिहून घ्या.”

त्या एकेक अक्षर वाचू लागल्या, मी फळ्यावर लिहू लागलो. दहाव्या अक्षराला एक मुलगी कुजबुजली, “सर, नेट जोडलं आणि विंडोज आपोआप चालू झालं! आता की नकोच!”

मी ओठांवर बोट ठेवलं आणि अकरावं अक्षर लिहिलं.

पंचवीस झाली. “लागली का हो?”

“लागली, ताई.”

“तो गेल्यापासून ही वही आजच उघडली,” त्या म्हणाल्या. “पुन्हा एकदा वाचू का?”

मी फळा पुसला. “वाचा.”